“मी फक्त हात दिला”: पंधरा ऑगस्टचं कार्ड आणि आपला डेटा

गेल्या पंधरा ऑगस्टला मी नांदेडहून लातूरला ताईकडे गेले होते. साडेचार वर्षांच्या भाचीने बालवाडीतून आणलेलं कार्ड दाखवलं. इवल्याशा हाताचा तीन रंगांतला ठसा, मधोमध चक्र, खाली नाव आणि तारीख. चक्राच्या आऱ्या मोजल्या तर बरोबर २४! मी म्हटलं, “किती छान केलंस गं!” तर म्हणते, “मावशी, मॅडमनी केलं. मी फक्त हात दिला.”

त्या एका वाक्यात वैधतेचा, म्हणजे व्हॅलिडिटीचा, अख्खा धडा आहे. पेटसाठी व्याख्या पाठ करतोच आपण, पण तिचा अर्थ साधा आहे: जे मोजतोय असं म्हणतो, तेच मोजतोय का?

समजा, तुमचा विषय आहे ‘बालवाडीतील मुलांची तिरंग्याविषयीची जाण’. तुम्ही अशी ३० कार्डं गोळा केली, सगळ्यांवर चक्र नीट दिसलं आणि निष्कर्ष लिहिला की जाण उत्तम. आता वयाकडे बघा. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौकोन ४ ते ५ च्या दरम्यान, त्रिकोण पाचच्या आसपास. मग १५-१५ अंशांवर २४ आऱ्या कुणी काढल्या? तुम्ही मोजलं ते मॅडमचं कंपासपेटीवरचं प्रभुत्व.

आम्ही केमिस्ट्रीवाले इथे ‘ब्लँक’ लावतो. नमुना न घालता बाकी सगळं तसंच ठेवून रीडिंग घ्यायचं. तरीही रीडिंग आलं, तर तेवढं नमुन्याचं नाही. हाच प्रश्न कार्डाला विचारा: मूल त्या दिवशी गैरहजर असतं, तर कार्ड कितपत वेगळं झालं असतं? फक्त ठशाएवढा फरक पडणार असेल, तर ते कार्ड मुलाच्या तळहाताचं माप सांगतं, जाण नाही. आठवण म्हणून ते गोडच आहे, ताईने फ्रेमही केलंय. पुरावा म्हणून मात्र कच्चं.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच भागात आहे. उदगीरला खादीचं कापड विणलं जातं आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो. तिथे प्रमाण ठरलेलं: लांबी-रुंदी ३:२, आऱ्या २४, कापड-रंग-शिवण भारतीय मानकाप्रमाणे. दोन ध्वजांत फरक दिसला तर तो दोष. मुलांच्या कामात नेमकं उलटं आहे. ३० मुलांनी ३० तऱ्हा केल्या, तर तो फरक हाच आपला डेटा. आपण कात्री घेऊन सगळं सारखं करतो, तेव्हा डेटाच कापून टाकतो.

मग करायचं काय? १७ सप्टेंबर येतोच आहे. आपल्याकडे स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा, १९४८ मध्ये आलं, त्यामुळे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची आठवणवस्तू करायला हरकत नाही. पण शक्यतो ध्वज नको. ध्वजसंहितेनुसार ध्वजावर अक्षरं लिहायची नसतात, कागदी ध्वजही कुठे टाकून द्यायचा नसतो. आणि आठवण म्हटली की नाव-तारीख आलीच.

त्याऐवजी कापूस घ्या. आजीला वाती वळताना पाहिलेलं मूल आपल्याकडे घरोघरी आहे. पुठ्ठा, खळ, मूठभर कापूस द्या आणि खादीच्या सुताची गोष्ट थोडक्यात सांगा. मुलांना ओढू द्या, पिळू द्या, चिकटवू द्या. नमुना करून दाखवू नका. दाखवला की ३० नक्कला मिळतील. सरकी आधी काढून ठेवा, लहान मुलं ती नाकात घालतात.

नोंदी तीनच ठेवा. एक, काय साहित्य दिलं आणि काय सूचना दिली, शब्दशः. दोन, मोठ्यांचा हात किती वेळा लागला. प्रत्येक वेळी एक रेघ. तीन, करताना मूल काय बोललं, त्याच्याच शब्दांत. मागे तारीख आणि वय महिन्यांत लिहा. या वयात सहा महिन्यांचाही फरक मोठा असतो.

आणि परवानगी! पालकांची लेखी, बाईंची आणि मुलाचीही. मूल “नको” म्हणालं तर तिथेच थांबायचं. अभ्यासासाठी फोटो काढा, चेहरा न येऊ देता. मूळ वस्तू मुलाला परत द्या. ती त्याची आहे, तुमच्या प्रबंधाचं परिशिष्ट नाही.

भाचीने कापसाचं केलं ते मला ढग वाटलं. ती म्हणाली, “चरखा आहे, पण झोपलाय.” माझ्या वहीत मोठ्यांच्या हाताची रेघ एकच होती, खळीचं झाकण उघडल्याची.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी आज एवढं करा: तुमच्या डेटाचा एक नमुना समोर ठेवा आणि तो तयार होताना कुणाकुणाचा हात लागला, त्याची यादी करा. प्रश्नावली असेल तर ती भरून घेणाराही त्या यादीत येतो. यादीत तुमचं नाव सगळ्यात वर आलं, तर आधी साधन बदला, मग गाईडकडे जा.