इंग्रजीचा धडा आणि नाटे गांवचा कागद

राजापूर तालुक्यांत जैतापूरच्या खाडीवर नाटे म्हणून गांव आहे. यशवंतगडाचे पडके बुरूज, मासळीचें बंदर, आणि मुंबईस किंवा आखातांत चाकरीला गेलेले तरुण, हें त्याचें थोडक्यांत वर्णन. अशा गांवास इंग्रजी कशाला हवी, असें विचारणारे शहाणे शहरांत अद्यापि भेटतात. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, २०१० सालीं या गांवाला इंग्रजीची जी गरज पडली, ती पुण्यामुंबईच्या पुष्कळ पदवीधरांस जन्मांत पडत नाहीं.

खाडीपलीकडे माडबन येथें प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या उभारण्याचा सरकारचा बेत होता. त्याचा जमिनीवर, पाण्यावर आणि मासळीवर काय परिणाम होईल, याचा अहवाल नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें केला, तो इंग्रजींत. १६ मे २०१० रोजीं जनसुनावणी झाली, तेव्हां मराठी प्रती वेळेवर हातीं आल्या नाहींत, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें सारांश तेवढा स्थानिक भाषेंत द्यावा लागतो. म्हणजे समुद्रांत सोडावयाच्या ऊन पाण्याचा सविस्तर हिशेब ज्या पानांवर, तीं पानें त्याच समुद्रांत जाळें टाकणाऱ्याला मुकींच राहावयाचीं! पुढें नोव्हेंबर २०१० मध्यें अटींसह मंजुरी मिळाली, आणि १८ एप्रिल २०११ रोजीं नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एकाचा प्राण गेला. प्रकल्पाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. अहवाल संपूर्ण मराठींत मिळणें हा लोकांचा हक्कच आहे. पण आमचा आजचा प्रश्न शाळेला आहे.

महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. दहावी झालेल्या मुलानें दहा वर्षें ती भाषा घोटलेली असते. त्याच्यापुढें असल्या अहवालाचीं पांच पानें ठेवून पाहा. बहुतेकांची मजल पहिल्या परिच्छेदापलीकडे जात नाहीं, आणि यांत मुलाचा दोष नाहीं. धडा वाचावयाचा तो खालच्या प्रश्नांपुरता, उत्तर गाइडांत, गाइड पाठ झालें कीं धड्याची गरज संपली. कवितेचा सारांश घडाघडा म्हणणारीं पण ती कविता एकदांहि न वाचलेलीं मुलें आम्ही पाहिलीं आहेत. परीक्षेंत न वाचलेला उतारा असतो खरा, परंतु तो इतका आखूड कीं वाचणाऱ्याला दम लागण्यापूर्वींच संपतो.

यावर आमचे व्यापारी मित्र उपाय सुचवितात: गोष्टी आणि कविता काढून टाका, मुलांस अर्ज, पत्रें व संभाषण शिकवा. हा उपाय आम्हांस रोगाइतकाच वाईट वाटतो. अर्ज लिहिणारा कारकून त्यानें तयार होईल. आलेला कागद उलटून तपासणारा मनुष्य होणार नाहीं. गोष्ट वाचतांना मुलगा काय शिकतो? बोलतो कोण, कोणाच्या बाजूनें बोलतो, सांगतो किती आणि गाळतो किती. सरकारी अहवाल, विम्याची पॉलिसी किंवा आखातांतील नोकरीचा करार वाचतांना हेच प्रश्न विचारावे लागतात. चाळीस पानें नेटानें वाचण्याची संवयहि गोष्टीनेंच लागते, कारण पुढें काय झालें हें जाणण्याची ओढ अर्जाच्या नमुन्यांत नसते.

मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकानें ढाक्यास काम करून १९२६ सालीं असेंच मत मांडलें होतें: बंगाली मुलांस बोलण्यापेक्षां आधीं वाचतां येऊं द्या. त्यासाठीं मोजक्या शब्दांत गोष्टी लिहून त्यानें वाचनपुस्तकें केलीं. आमच्याकडील दाखला तर त्याहूनहि तेजस्वी आहे. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस असतांना आगरकरांनीं शेक्सपिअरचा हॅम्लेट मराठींत उतरविला. तो पुढें ‘विकारविलसित’ म्हणून निघाला. इंग्रजी पुस्तक आपल्या भाषेंत कसाला लावणें म्हणजे काय, तें त्यांत दिसतें. गाइड हें नेमकें उलट काम करतें.

आणि ज्यांनीं हा मार्ग प्रथम घालून दिला, ते तर या किनाऱ्याचेच. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं ‘दर्पण’ काढलें, त्यांत एका स्तंभांत इंग्रजी आणि शेजारीं मराठी. वाचणाऱ्याची नजर इकडून तिकडे जाई आणि दोन्ही भाषा एकमेकींची साक्ष काढीत. नाटे गांवच्या मुलापुढें तशीं पानें कां असूं नयेत? एका बाजूस साधी इंग्रजी गोष्ट, दुसऱ्या बाजूस मराठी. पुढच्या आठवड्यांत वादळाचा इशारा, त्यानंतर होडीच्या इंजिनाची माहिती-पुस्तिका, आणि नववी-दहावींत त्या अहवालांतीलच दोन पानें. गुरुजींनीं मराठींत विचारावें, मुलानें मराठींत सांगावें. कळलें कीं नाहीं, हें तेथेंच उघडें पडतें. वर्गांत मराठी उच्चारली कीं इंग्रजी बाटते, हा समज कोणीं पसरविला देव जाणे!

एकाच गोष्टीच्या वीस प्रती घ्यावयास फार पैसा लागत नाहीं. राजापूर व रत्नागिरीच्या पेढ्यांवरून गणेशोत्सवाच्या वर्गणीस जेवढी रक्कम सहज निघते, तिचा लहानसा अंश पुरे. वह्या वांटण्याची पद्धत व्यापाऱ्यांत आहेच. यंदा वह्यांऐवजीं हीं पुस्तकें वांटावीं, आणि गाइड मात्र एकहि देऊं नये.