पाषाणातले कासव, परसातले कासव

चंदीगडजवळच्या खरड गावाच्या ईशान्येस शिवालिक टेकड्यांची रांग पसरलेली आहे. १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या संशोधकांना शिवालिकच्या खडकांत एका महाकाय भूचर कासवाचे जीवाश्म सापडले. त्याचे कवचच सुमारे दोन मीटर लांबीचे होते. आज ते कासव केवळ दगडाच्या रूपाने उरले आहे. त्याचा एक चिमुकला भाऊबंद मात्र भारतात अजूनही हयात आहे. तो म्हणजे तारा कासव. तोही नामशेष होऊ नये असे वाटत असेल, तर त्याची जीवनरीत आपण समजून घेतली पाहिजे.

गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र प्रदेश, तामिळनाडू व पूर्व कर्नाटकातील खुरटी राने, पाकिस्तानचा सिंध प्रांत आणि श्रीलंका ही या कासवाची मायभूमी. काळसर घुमटाकार कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या उमटलेल्या असतात. हातात घेतले की ही नक्षी उठून दिसते. वाळल्या गवताच्या उन्हा-सावलीत मात्र हेच कासव चटकन नजरेस पडत नाही.

गवत, कोवळी पाने, फुले आणि गळून पडलेली फळे हा त्याचा आहार. उन्हाची काहिली वाढली की ते झुडपांच्या आडोशाला स्वस्थ पडून राहते आणि सकाळ-संध्याकाळ चरावयास निघते. पावसाळा हा त्याच्या चैतन्याचा काळ. तेव्हा ते मनसोक्त पाणी पिते, भरपूर हिंडते आणि जोडीदार शोधते. नरापेक्षा मादी आकाराने मोठी असते. मागच्या पायांनी खड्डा खणून ती त्यात थोडीच अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते; अधिक उबेत माद्या जन्मतात.

कासवी केवळ दृष्टीने पिल्लांचे पोषण करते, अशी सुंदर कल्पना आपल्या संतवाङ्मयात आढळते. प्रत्यक्षात मात्र या पिल्लांना आईची नजर कधीच लाभत नाही. जन्मताच ती एकाकी असतात आणि कोल्हे, मुंगूस, पक्षी यांच्या तावडीतून फार थोडी वाचतात. वाचलेली मादी वयात येण्यास अनेक वर्षे लागतात. पुढे ती दीर्घकाळ अंडी घालत राहते. म्हणूनच प्रौढ कासव हे या जातीचे मुद्दल होय. व्याज इतके तुटपुंजे असताना मुद्दलालाच हात घातला, तर खाते रिकामे होण्यास वेळ लागत नाही.

दुर्दैवाने नेमके तेच घडत आहे. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, या समजुतीमुळे आणि परदेशातील हौशी लोकांच्या मागणीमुळे त्याची मोठ्या प्रमाणावर तस्करी होते. आंध्र प्रदेश व कर्नाटकाच्या सीमेवरील एकाच व्यापारकेंद्राच्या परिसरातून वर्षाला किमान ५५,००० तारा कासवे पकडली जातात, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ तारा कासवे भारतात परत आणण्यात आली. २०१९ मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध लागू झाले. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे, विकणे व घरी बाळगणे गुन्हा आहे.

घरी आणलेल्या कासवाची दशा काय होते? अनेकजण त्याला पाण्याच्या टाकीत सोडतात. हे जमिनीवरचे कासव. त्याला पोहता येत नाही आणि ते बुडून मरते. भात, पोळी यांसारख्या अन्नातून त्याला पुरेसा चुना मिळत नाही. त्यात कोवळ्या उन्हाचा अभाव. मग कवच मऊ पडते किंवा त्यावर ओबडधोबड उंचवटे येतात. ओल व गारठा यांमुळे फुप्फुसांचा विकार जडतो. नाक वाहते, कासव तोंड उघडून श्वास घेऊ लागते. ते ओरडत नाही, कण्हत नाही. त्यामुळे दुखणे लक्षात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

असे कासव कोणाकडे असल्यास ते जवळच्या रानात सोडून देणे हाही उपाय नव्हे. त्याच्याबरोबर रोगजंतू रानात जातात आणि दूरदूरच्या प्रदेशांतील भिन्न वंशांची सरमिसळ होते. ते वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग.

आपल्या मंदिरांत गाभाऱ्यापुढे दगडी कासव असते. भाविक त्यापुढे क्षणभर थांबतात, नमस्कार करतात आणि त्याला तेथेच ठेवून पुढे जातात. जिवंत कासवाच्या बाबतीतही एवढेच पथ्य पाळले, तर शिवालिकच्या खडकांतील त्या थोरल्या कासवाची गत या चांदणीधारी धाकट्याच्या वाट्याला येणार नाही.