तबेल्यातील उंदीर आणि अश्वांचे रोग

पश्चिम रेल्वेवर बोईसर व डहाणू रोड यांच्या दरम्यान वसलेले वाणगाव हे डहाणू तालुक्याच्या भातशेतीच्या पट्ट्यातील गाव होय. या तालुक्यातील गवत मुंबईच्या बाजारासाठी कापले जात असे. १९४५ च्या वारली आंदोलनात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता. गवताची वा पेंढ्याची गंजी जेथे उभी राहते, तेथे उंदीर व घुशी आश्रय घेतात. म्हणून अशा प्रदेशातील तबेल्याच्या आरोग्याचा विचार घोड्याच्या ठाणापाशी नव्हे, तर चाऱ्याच्या कोठारापाशी सुरू झाला पाहिजे.

उंदरांमुळे संभवणाऱ्या रोगांत लेप्टोस्पायरोसिस प्रमुख आहे. मानवातील त्याच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन आडोल्फ वाईल यांनी १८८६ मध्ये केले. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात वास करतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. वाहक उंदीर मात्र निरोगी दिसतो. ओलसर माती व साचलेले पाणी यांत हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात. कोरडेपणा व प्रखर ऊन त्यांना सोसत नाही. डोळे, नाक व तोंड यांची श्लेष्मल त्वचा किंवा कातडीवरील जखम यांवाटे ते घोड्याच्या शरीरात शिरतात. डुक्कर, कुत्रा व गुरे हीदेखील वाहक असू शकतात, हे निदान करताना विसरता कामा नये.

घोड्यात हा संसर्ग बहुधा लक्षणांवाचून जातो. कधी ताप व कावीळ दिसते. गाभण घोडीचा गर्भ उत्तरार्धात पडतो. मूळ संसर्गानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी डोळ्याचा वारंवार उद्भवणारा दाह सुरू होऊन अंधत्व येऊ शकते. कारण व परिणाम यांतील या अंतरामुळे उंदरांकडे संशयाची दृष्टी वळत नाही.

साल्मोनेला या जंतूंचा मार्ग निराळा आहे. उंदरांच्या लेंड्या चंदीत मिसळल्या की ते घोड्याच्या आतड्यात पोहोचतात आणि तीव्र अतिसार होऊ शकतो. कोरडेपणातही हे जंतू दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे केवळ कोठार कोरडे राखणे पुरेसे ठरत नाही.

उपाय साधे, परंतु नित्याचे आहेत. चंदी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावी. गंजी जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर रचावी. सांडलेले धान्य त्याच दिवशी झाडावे. डोण वेळोवेळी रिकामी करून घासावी. पावसाळ्यापूर्वी गटारे मोकळी करावी. विषारी आमिष घोड्यालाही घातक असल्याने ते त्याच्या आवाक्याबाहेर, बंदिस्त पेटीतच ठेवावे.

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्भवली. तबेल्यात साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरणारा मोतद्दारही घोड्याइतकाच धोक्यात असतो. त्यामुळे कोठाराची राखण ही पशूंइतकीच माणसांच्या आरोग्याची बाब ठरते.