एकच गोळी, गुण निराळा

विळ्याने बोट कापले, की रक्त येते. बोट थोडा वेळ दाबून धरले, की ते थांबते. मग वर खपली धरते. हे कसे होते? रक्तातच तशी सोय आहे. रक्तात फार बारीक कण असतात. त्यांना प्लेटलेट म्हणतात. हा शब्द आता खेड्यापाड्यांतही ओळखीचा झाला आहे. डेंग्यूचा ताप आला, की डॉक्टर रक्त तपासून सांगतात, 'प्लेटलेट कमी झाल्यात.' त्याच या प्लेटलेट. पाटाचा बांध फुटला, की माणसे धावतात आणि माती-दगड टाकून भगदाड बुजवतात. तशाच या प्लेटलेट जखमेकडे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त अडवतात.

जखमेच्या ठिकाणी हे काम मोलाचे आहे. पण तेच काम नको त्या जागी झाले, तर जिवावर बेतते. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळीत अशी गुठळी बसली, की हृदयाचा झटका येतो. मेंदूकडे जाणाऱ्या नळीत बसली, तर अर्धांगवायू होतो. मधुमेह, म्हणजे आपण ज्याला साखरेचा आजार म्हणतो, त्यात हा धोका वाढतो. साखर वाढलेली राहिली, की रक्ताच्या नळ्या आतून खराब होतात. प्लेटलेटही जास्त चिकट होतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे 10 कोटी लोकांना हा आजार आहे.

अशा पुष्कळ लोकांना डॉक्टर एक लहानशी गोळी देतात. लोक तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. तिचे नाव ॲस्पिरिन. खरे म्हणजे तिने रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घालावे, तसे काही ती करीत नाही. ती फक्त प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते.

गोळीचे मूळ झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असते. त्याच्याच कुळातले विलो नावाचे झाड विलायतेत होते. त्याची साल तापावर चालते, असे एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने 1763 साली लिहून कळवले. पुढे 1897 साली जर्मनीत बायर कंपनीच्या कारखान्यात ॲस्पिरिन तयार झाले. ते काम कसे करते, हे मात्र 1971 साली जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले. त्यासाठी त्यांना 1982 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ते काम समजून घेऊ. प्लेटलेट म्हणजे एक वाडा समजा. 'चिकटा, चिकटा' असा निरोप वाड्यात येतो तो दारांतून. वाड्याला दारे अनेक आहेत. ॲस्पिरिन त्यांतले एक मोठे दार कायमचे बंद करते. प्लेटलेटला ते पुन्हा उघडता येत नाही. ती 7 ते 10 दिवस जगते आणि तितके दिवस ते दार बंदच राहते. पण शरीर रोज नव्या प्लेटलेट तयार करते. त्यांची दारे उघडी असतात. म्हणून गोळी रोज घ्यावी लागते.

साखरेच्या आजारात काही जणांच्या प्लेटलेट लवकर बदलतात. जुन्या जाऊन नव्या भराभर येतात. सकाळी गोळी घेतली, तरी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत उघड्या दारांच्या पुष्कळ प्लेटलेट रक्तात आलेल्या असतात. हे कळल्यावर कोणी म्हणेल, मग दोन वेळा गोळी घेऊ या की! तसे आपल्या मनाने करू नये. का, ते पुढे येईलच.

दुसरे कारण रक्ताच्या नात्यातले आहे. आईबापांकडून मुलांना रंग, उंची, नाकडोळे मिळतात. हे सारे ज्यांच्यामुळे येते, त्यांना जनुके म्हणतात. निम्मी आईची, निम्मी बापाची. पण प्रत्येक मुलाला तीच निम्मी येतात असे नाही. एकाच गाईची दोन वासरे, एकाच्या कपाळावर चांद असतो, दुसऱ्याच्या नसतो. प्लेटलेटचा स्वभावही असाच जनुकांवर अवलंबून असतो.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरी शास्त्रज्ञांनी काही कुटुंबे निवडली. त्यांतल्या लोकांना दोन आठवडे रोज ॲस्पिरिनची लहान गोळी दिली आणि रक्त तपासले. 2007 साली त्याचा निकाल छापला. गोळीने मोठे दार जवळजवळ सर्वांचेच बंद झाले होते. फरक होता तो बाकीच्या दारांत. काहींची परसदारे सताड उघडी होती, काहींची किलकिली. आणि हा फरक घराण्याप्रमाणे चालत आलेला दिसला. म्हणजे गोळी सगळ्यांवर चालते, पण ती चालल्यावरही प्लेटलेटमध्ये किती चिकटपणा उरतो, हे माणसागणिक निराळे असते.

मग शास्त्रज्ञ अशी जनुके शोधू लागले. पीअर-वन नावाचे एक जनुक पुढे आले. प्लेटलेट एकमेकींना भिडतात त्या कामाशी त्याचा संबंध आहे. या जनुकाचा एक प्रकार असलेल्या, ॲस्पिरिन घेणाऱ्या हृदयरोग्यांना त्रास जास्त होतो, असे आधी वाटले. पुढे निरोगी वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत तसा फरक आढळला नाही. म्हणून आज नुसते जनुक तपासून ॲस्पिरिन द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवीत नाहीत. कोणी अशा तपासणीला पैसे मागितले, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शास्त्रज्ञ इतके सावध का असतात, याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. झटका आलेल्या 17 हजार लोकांवर ॲस्पिरिनची परीक्षा झाली. 1988 साली निकाल आला. गोळीने पुष्कळ जीव वाचले होते. मग शास्त्रज्ञांनी मुद्दाम रोग्यांच्या जन्मतारखांवरून राशी काढल्या. तेव्हा दिसले, की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना गोळीचा फायदाच नाही! यात राशीचा काही संबंध नव्हता. लोकांचे लहान लहान गट पाडले, की आकडे असे फसवतात, एवढेच त्यांना दाखवायचे होते. जनुकांचे गट पाडतानाही हीच भीती असते.

दवाखान्यात असे बोलणे पुष्कळदा ऐकू येते :

"डॉक्टरसाहेब, थोरल्या भावाला ही गोळी चालू आहे. त्यालाही साखर, मलाही साखर. मग मलाच का देत नाही?"

"तुमच्या दादांना झटका येऊन गेलाय. तुम्हांला आला का?"

"नाही बा, देवाची कृपा."

"मग तुमचा हिशेब निराळा."

हा हिशेब इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी मांडला. साखरेचा आजार आहे, पण हृदयाचा त्रास झालेला नाही, असे 15,480 लोक त्यांनी घेतले. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे साडेसात वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. 2018 साली निकाल छापला. पोकळ गोळी घेणाऱ्या दर हजारांत 96 जणांना झटका किंवा तसा गंभीर त्रास झाला. ॲस्पिरिनवाल्यांत 85 जणांना. म्हणजे हजारात 11 वाचले. पण मोठा रक्तस्राव पोकळ गोळीवाल्यांत हजारी 32 जणांना झाला, तर ॲस्पिरिनवाल्यांत 41 जणांना. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने जवळजवळ तेवढेच काढून घेतले. भावाच्या डब्यातली गोळी म्हणूनच उचलू नये. मनाने दोनही घेऊ नयेत, त्या याचसाठी.

ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा हृदयाच्या नळीत जाळी बसवली आहे, त्यांचे तसे नाही. त्यांना फायदा तोट्याहून मोठा असतो. त्यांनी 'मला ही लागू पडत नाही' असे ऐकीव बोलण्यावरून गोळी बंद केली, तर घात होईल.

गुण कमी दिसतो तेव्हा दोष नेहमी जनुकांचा असतो असेही नाही. साधी कारणे जास्त सापडतात. पहिले म्हणजे गोळी चुकते. बाजारचा दिवस, लग्नकार्य, उपास, गोळी घरीच राहते. दुसरे, काही गोळ्यांवर पोटाला त्रास होऊ नये म्हणून लेप असतो. त्या उशिरा विरघळतात आणि काहींच्या अंगी पुरत्या लागत नाहीत. 400 निरोगी माणसांच्या एका पाहणीत ज्यांच्यावर लेपाची गोळी चालली नाही असे वाटले, त्यांच्यावर पुढे ॲस्पिरिन चाललेच. तिसरे कारण दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी. आयबुप्रोफेन आधी पोटात गेले, तर ते त्या मोठ्या दारात ठाण मांडते. मग ॲस्पिरिनला दार बंद करायला जागाच मिळत नाही.

म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, दुखण्यावरच्याही. पूर्वी पोटात व्रण झाला होता का, तेही सांगावे. गोळी चालू असताना शौचाला डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली किंवा जखमेचे रक्त थांबेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ताप डेंग्यूचा असेल अशी शंका असली, तर तापासाठी ॲस्पिरिन मुळीच घेऊ नये. रोजची गोळी चालू असेल, तर ती ठेवायची की थांबवायची, हे त्याच वेळी डॉक्टरांना विचारावे. लेकरांना तापात ही गोळी कधीच देऊ नये.