आल्या पावली परत

शेतात जाताना आई भाकरी फडक्यात बांधते आणि मग ते फडकं पिशवीत ठेवते. जेवायच्या वेळी आधी काय उघडाल? पिशवीच ना! जे शेवटी केलं, ते आधी सोडवायचं. गोष्ट एवढीशी, पण गणितात तिला मोठा मान आहे.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त ही युक्ती ‘व्यस्तविधी’ म्हणून दिली आहे. शेवटचं उत्तर माहीत असेल, तर तिथून मागे चालत यायचं. बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ. की मूळ संख्या हाती येते! भास्कराचार्यांनी आपलं गाव ‘विज्जडविड’ असं सांगितलंय. काही अभ्यासक म्हणतात, ते आपलं बीड. काही म्हणतात, चाळीसगावजवळचं पाटण.

हीच युक्ती आता आलेख कागदावर चालवू. (२, १) या बिंदूवर एक मुंगी आहे, असं समजा. तिला ३ घरं उजवीकडे न्या. ती आली (५, १) वर. आता आरंभबिंदूभोवती तिला घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा. नियम सोपा आहे : (क्ष, य) चा (−य, क्ष) होतो. मुंगी पोचली (−१, ५) वर.

तिला घरी कसं आणायचं? फिरवणं शेवटी झालं होतं, म्हणून ते आधी सोडवू. घड्याळाच्या दिशेने पाव फेरी, म्हणजे (क्ष, य) चा (य, −क्ष). मुंगी (५, १) वर आली. मग ३ घरं डावीकडे : (२, १). पोचली घरी!

क्रम बदलला तर? आधी ३ घरं डावीकडे : (−४, ५). मग पाव फेरी : (५, ४). दोन्ही कामं केली, तरी मुंगी भलत्याच घरी!

आणि काही वेळा तर परतीची वाटच नसते. प्रत्येक बिंदू सरळ क्ष-अक्षावर आणून टेकवला, तर (२, १) आणि (२, ७) हे दोघंही (२, ० ) वर येतात. आता कोण कुठून आला, कसं ओळखणार? उंची पुसली गेली! म्हणून मागे फिरण्याआधी विचारावं : दोन वेगळे बिंदू एकाच जागी तर आले नाहीत ना?

आता तुमची पाळी. एक बिंदू ४ घरं वर सरकवला, मग त्याचे दोन्ही निर्देशक दुप्पट केले. तो (६, १०) वर आला. मुळात तो कुठे होता?

(उत्तर : (३, १))