खूण केलेल्या रक्तपेशी

मुलांनो, आपल्या रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी तांबड्या पेशी असतात. शरीराच्या कानाकोपऱ्यात प्राणवायू पोचविणे हे त्यांचे काम. हाडांतील मज्जेत नव्या पेशी नित्य जन्मास येतात आणि जुन्या नित्य नाश पावतात. सगळ्या दिसायला सारख्याच; मग एक पेशी किती दिवस जगते, हे कसे ओळखावे?

कळपात आपली मेंढरे ओळखता यावीत, म्हणून धनगर त्यांच्या लोकरीवर रंगाची खूण करतो. शास्त्रज्ञांनीही हीच युक्ती योजिली. न्यूयॉर्कचे शास्त्रज्ञ डेव्हिड शेमिन यांनी जड नायट्रोजन असलेले ग्लायसीन स्वतः सेवन केले. तो नायट्रोजन नव्याने घडणाऱ्या पेशींच्या रक्तद्रव्यात उतरला. पुढे अनेक महिने रक्त तपासून त्यांनी व डेव्हिड रिटेनबर्ग यांनी १९४६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे चार महिने असते.

१९५० साली अमेरिकेतच याहून सोपी खूण सापडली. ती म्हणजे किरणोत्सारी क्रोमियम. रुग्णाचे थोडे रक्त काढून त्यात हे क्रोमियम मिसळीत. ते पेशींत शिरून रक्तद्रव्याला चिकटे. मग त्या पेशी पुन्हा रुग्णाच्या शिरेत सोडीत. पेशी नाश पावली, की तिच्यातील क्रोमियम दुसऱ्या पेशीत न शिरता हळूहळू मूत्रावाटे बाहेर पडे. म्हणून दर काही दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन त्यातील किरणोत्सार यंत्राने मोजला, की खुणेच्या किती पेशी उरल्या हे कळे. क्रोमियमचा किरणोत्सार २८ दिवसांत आपोआपच निम्मा होतो, आणि काही क्रोमियम जिवंत पेशींतूनही झिरपते. हिशेबात या दोन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागत.

एवढा खटाटोप कशासाठी? एखादा रुग्ण फिकट पडतो; त्याच्या अंगात रक्त कमी असते. ते कमी तयार होते, की तयार झालेले लवकर नष्ट होते? दोहोंवरील उपाय निराळे. खुणेच्या पेशी झपाट्याने घटल्या, तर दोष नाशात आहे असे ठरे. त्याच वेळी प्लीहेवर यंत्र धरता तेथे किरणोत्सार वाढत चाललेला दिसला, तर पेशी तेथेच नाश पावत आहेत असे समजे. मग प्लीहा काढावी की नाही, हे ठरविण्यास वैद्यांना मोठा आधार मिळे.

डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीवर केलेली एक सूक्ष्म खूण अशा रीतीने रुग्णाला योग्य उपचाराची वाट दाखवी.