न रुचलेले द्राक्ष

कोल्ह्याला द्राक्षे आंबट वाटली, कारण ती त्याच्या हाती आली नाहीत. माझी गोष्ट उलटी आहे. द्राक्षे हाती आली, त्यांचा रस पेल्यातून ओठांशीही आला. तरी तो रुचला नाही. मद्याची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न रुचीचा आणि थोडा खरेपणाचा आहे.

नाशिकजवळ माझ्या भाच्याचा मळा आहे. त्याच्या वडिलांच्या वेळी तेथे खाण्याच्या थॉमसन सीडलेस द्राक्षांचे वेल होते. त्यांपैकी दोन एकर मोडून, कर्ज काढून त्याने ‘सोव्हिन्याँ ब्लाँ’ ही वाइनची पांढरी जात लावली. ही मूळची फ्रान्सची. काळ्या कॅबर्ने सोव्हिन्याँच्या जन्मदात्यांपैकी ही एक, हे १९९७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी सिद्ध केले. नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली आपल्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत हिचीही होती.

फेब्रुवारीत मी इंदूरहून गेलो, तेव्हा भाच्याने बाटली उघडली. “मामा, आपल्याच मळ्यातल्या द्राक्षांची आहे. कशी वाटते, खरे सांगा.”

पेला जवळ नेताच नुकत्याच चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा वास आला, आणि पहिल्या घोटाला दात आंबले. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणालो, “छान आहे!” रात्री मात्र ते दोन शब्द मला झोपू देईनात.

सकाळी मळ्यात त्याने सारे समजावून दिले. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या द्रव्यांचा. लिटरभर पाण्यात ती ग्रॅमच्या काही अब्जांशांइतकी असली, तरी नाकाला कळतात. घोसांना ऊन मिळाले, फळ पिकले, की तो वास ओसरतो. परंतु उन्हात फार थांबावे, तर आंबटपणा उतरतो आणि वाइन मिळमिळीत होते. तोडणीचा दिवस ठरवणे ही अशी दोन्हीकडची ओढाताण!

हे ऐकून मला राहवेना. म्हणालो, “अरे, काल मी खोटे बोललो. मला ती मुळीच आवडली नाही. मिरचीच मिरची लागली.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मग कालच का नाही सांगितलेत? स्तुती परकेही करतात, मामा. घरच्या माणसाने तरी खरे सांगावे.”

मला तो लहानपणी इंदूरला आला होता, तेव्हाची आठवण झाली. पोह्यांतली बडीशेप त्याने एकेक करून वेचून काढली होती, आणि पोह्यांबरोबर जिलबी पाहून तो चकित झाला होता. आज तोच जाताना जिरावनाची पुडी मागून नेतो. रुची अशी सवयीने घडते. म्हणून मी आणखी दोनदा प्रयत्न केला. पण माझी जीभ काही वळली नाही. जी गोष्ट रुचत नाही, ती रुचलीच पाहिजे असा हट्टही कशाला?

निघताना त्याने वेलीवरचा एक घोस तोडून दिला. मणी लहान, सालीचे, बियांचे, पण चांगलेच गोड. गाडी सुटण्यापूर्वी तो मी संपवला, आणि तसे त्याला सांगितलेही.